छोटं पिस्तूल पहिल्यांदा हातात घेण्याआधी: रचना, निवड आणि हाताळणी

स्वसंरक्षणासाठी म्हणून जी छोटी पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हर मिळतात, त्यांच्याबद्दल नवख्या माणसाच्या मनात एक समज घट्ट बसलेला असतो. आकार लहान आहे, म्हणजे चालवायलाही सोपं असणार. विशेषतः हात लहान असेल किंवा मनगटात फार जोर नसेल, तर ओळखीची माणसं हमखास सांगतात, ‘तुला छोटंच बरं.’ हा सल्ला चुकीचा आहे आणि तो भल्या हेतूने दिला जातो म्हणून जास्त घातक आहे. छोटं हत्यार बाळगायला सोपं असतं, चालवायला मात्र अवघड असतं. लांबीतून, वजनातून आणि मुठीतून जे काही कापलेलं असतं, त्याची भरपाई चालवणाऱ्याच्या हाताला करावी लागते. ती नेमकी कशी, हे आधी समजून घेतलं तर निवडही नीट होते आणि शिकताना आपलं काय चुकतंय तेही कळतं.

हा लेख परवानाधारक किंवा रीतसर परवाना काढून शिकू पाहणाऱ्यांसाठी आहे. शस्त्र घेणं, घरात ठेवणं, अंगावर बाळगणं आणि स्वसंरक्षणात वापरणं या चारही गोष्टींचे कायदे देशागणिक वेगळे आहेत, काही देशांत तर प्रांतागणिक. तुम्ही जिथे राहता तिथला कायदा मूळ मजकुरातून वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. लेख वाचून शस्त्र चालवता येत नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. शेजारी प्रशिक्षक उभा हवाच.

छोटं म्हणजे किती छोटं

पूर्ण आकाराचं सैनिकी किंवा पोलिसी पिस्तूल साधारण 20 सेंटिमीटर लांब असतं. ग्लॉक 17 हे त्याचं ओळखीचं उदाहरण, लांबी सुमारे 204 मिलिमीटर आणि नळी 114 मिलिमीटरची. तेच यंत्र आखडून 1990 च्या दशकाच्या मध्यात ग्लॉक 26 आलं, त्याची नळी 87 मिलिमीटर आणि मूठ इतकी आखूड की करंगळीला जागाच उरत नाही. 2018 साली आलेल्या सिग पी 365 ने या वर्गाचं गणित बदललं. लांबी 15 सेंटिमीटरच्या आत, वजन अर्ध्या किलोच्या आसपास आणि तरी मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीत, 10 काडतुसं. त्याआधी एवढ्याशा पिस्तुलात सहा-सात काडतुसांवरच समाधान मानावं लागे.

रिव्हॉल्व्हरची गोष्ट जुनी आहे. कोल्टची डिटेक्टिव्ह स्पेशल 1927 ची, सहा काडतुसांची. स्मिथ अँड वेसनची चीफ्स स्पेशल 1950 ची, पाच काडतुसांची. एक काडतूस कमी केल्यामुळे सिलिंडर, म्हणजे काडतुसं धरणारा फिरता भाग, बारीक झाला आणि हत्यार कमरेला चपटं बसू लागलं. आजही छोटी रिव्हॉल्व्हर बहुतेक याच पाच काडतुसांच्या साच्यात बनतात. फरक धातूचा. पोलादी सांगाडा असेल तर वजन साधारण 550 ग्रॅम, अॅल्युमिनियमचा असेल तर सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास.

आकार कमी झाला की काय काय बदलतं

पहिली गोष्ट धक्का. गोळी पुढे जाते तेवढ्याच जोराने हत्यार मागे येतं, हे शाळेत शिकलेलंच आहे. शाळेत सहसा न सांगितलेली गोष्ट अशी की हाताला जाणवणारी ऊर्जा हत्याराच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. साडेसात ग्रॅमची गोळी सेकंदाला 350 मीटर वेगाने सुटली असं धरा आणि बारुदाच्या वायूचा हिशोब बाजूला ठेवा. 700 ग्रॅमचं पिस्तूल सुमारे 5 जूल ऊर्जेने मागे येईल, 400 ग्रॅमचं साडेआठ जूलने. काडतूस तेच, धक्का पावणेदोन पट. त्यात मूठ आखूड, म्हणजे हा धक्का पेलायला हाताचा पृष्ठभागही कमी. हलक्या रिव्हॉल्व्हरमधून जोरकस काडतुसं झाडणाऱ्यांचे तळवे दोन-तीन फेऱ्यांतच दुखायला लागतात, ते यामुळे.

दुसरी गोष्ट नेम. नेम धरायच्या दोन खुणा, म्हणजे पुढची आणि मागची साइट, यांच्यात जितकं अंतर जास्त तितकी नेमातली चूक डोळ्याला लवकर दिसते. दोन्ही साइटमध्ये 150 मिलिमीटर अंतर असेल आणि पुढची साइट 1 मिलिमीटर बाजूला गेली, तर 10 मीटरवर गोळी सुमारे पावणेसात सेंटिमीटर भरकटते. हेच अंतर 110 मिलिमीटर असेल तर 9 सेंटिमीटर. यंत्र म्हणून छोटं पिस्तूल अचूकच असतं. शिकंजात पकडून झाडलं तर गोळ्या एकमेकींशेजारी पडतात. चूक माणसाची असते, छोटं पिस्तूल फक्त ती मोठी करून दाखवतं.

तिसरी गोष्ट स्प्रिंग. स्लाइड, म्हणजे झाडल्यावर मागेपुढे सरकणारा पिस्तुलाचा वरचा भाग, आखूड आणि हलकी, म्हणून तिला आवरायला स्प्रिंग कडक लागते. जिथे नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकत नाहीत, नुसत्या स्लाइडच्या वजनावर आणि स्प्रिंगच्या जोरावर दाब थोपवला जातो, ती साधी ब्लोबॅक रचना. बऱ्याच जुन्या खिशातल्या पिस्तुलांत हीच असे, 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या वाल्थर पीपीकेमध्येही हीच आहे. ती मजबूत आणि सरळसोट असते, पण स्लाइड मागे ओढायला जड जाते. शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांच्या पद्धतीत गोळी झाडताना नळी आणि स्लाइड थोडा वेळ एकमेकांत अडकून एकत्र मागे सरकतात, मग नळीची मागची बाजू खाली झुकते आणि स्लाइड सुटी होते. तोवर गोळी बाहेर पडून दाब उतरलेला असतो. त्यामुळे एवढी कडक स्प्रिंग लागत नाही. ज्यांची बोटं दुखतात किंवा पकड कमजोर आहे त्यांनी हत्यार निवडताना काडतुसाच्या नावाआधी ही रचना विचारावी. कागदावर ‘सौम्य’ वाटणाऱ्या .380 काडतुसाचं ब्लोबॅक पिस्तूल ओढायला 9 मिलिमीटरच्या पिस्तुलापेक्षा जड निघू शकतं.

पिस्तूल की रिव्हॉल्व्हर

रिव्हॉल्व्हरबद्दल एक वाक्य सर्रास ऐकू येतं: साधं असतं, नवशिक्याला हेच द्या. साधं आहे हे खरं. सिलिंडर उघडला की पाचही खाने डोळ्यांसमोर येतात, भरलेलं की रिकामं यात शंका राहत नाही. काडतूस फुटलं नाही तर पुन्हा ट्रिगर ओढला की पुढचं समोर येतं. मात्र डबल अॅक्शन ट्रिगर (एकाच ओढीत हॅमर, म्हणजे घोडा, मागे नेऊन सोडणारा) ओढायला साडेचार-पाच किलोचा जोर लागतो आणि हत्यार स्वतः असतं सव्वाचारशे ग्रॅमचं. स्वतःच्या वजनाच्या दहा पटींहून जास्त जोर लावत असताना ते हलू न देणं ही मोठी कसरत आहे. त्यावर फक्त पाच गोळ्या, आणि पुन्हा भरणं सावकाश. माझ्या मते छोटं रिव्हॉल्व्हर हे सरावलेल्या माणसाचं हत्यार आहे.

पिस्तुलात ट्रिगर बहुधा अडीच-तीन किलोवर सुटतो, मॅगझिन पटकन बदलता येतं, शरीर चपटं असतं. पण त्यात एक सापळा आहे, तो पुढे रिकामं करण्याच्या भागात सविस्तर येईल: मॅगझिन काढलं तरी नळीच्या मागच्या टोकाशी, चेंबरमध्ये, एक जिवंत काडतूस राहिलेलं असू शकतं.

सेफ्टी: आतल्या आणि बाहेरच्या

बाहेरून दिसणारी सेफ्टीची कळ काही पिस्तुलांवर असते, काहींवर नसते. नवख्याला कळ नसलेलं पिस्तूल धोकादायक वाटतं. आधुनिक पिस्तुलांत बरंच काम आतून होतं. काडतुसाच्या बुडावर आदळून ते फोडणाऱ्या टाचणीच्या, म्हणजे फायरिंग पिनच्या, आड एक ठोकळा असतो, ट्रिगर पूर्ण मागे आल्याशिवाय तो बाजूला होत नाही, म्हणून हत्यार हातातून पडलं तरी पिन काडतुसावर आदळू नये अशी ती व्यवस्था. आधुनिक रिव्हॉल्व्हरमध्येही हॅमर आणि पिन यांच्यात अशीच आडकाठी असते. जुनी हत्यारं मात्र वेगळी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची खिशातली पिस्तुलं आणि जुन्या घडणीची सिंगल अॅक्शन रिव्हॉल्व्हर (ज्यांत हॅमर आधी अंगठ्याने मागे ओढावा लागतो) यांत ही सोय बहुधा नसते, हॅमरवर आघात झाला की गोळी सुटू शकते. वारशाने आलेलं हत्यार असेल तर ते भरण्याआधी जाणत्या शस्त्र-कारागिराला दाखवा.

यातली कोणतीही आतली सेफ्टी ट्रिगरवर टेकलेल्या बोटाला अडवत नाही. कळ असेल तर ती वापरायची, पण तिच्या भरवशावर राहायचं नाही. काही पिस्तुलं मॅगझिन काढल्यावर झाडताच येत नाहीत, काही खुशाल झाडता येतात. आपलं कोणत्या प्रकारचं आहे हे माहितीपुस्तिकेत पाहा आणि वागताना मात्र दुसऱ्या प्रकारचंच आहे असं समजून वागा.

काडतूस आणि मूठ

काडतुसांवर लोक तासन्‌तास वाद घालतात. नवख्याला एवढंच पुरेसं आहे: छोट्या पिस्तुलांत आज सर्वात जास्त चालतं ते 9×19, म्हणजे 9 मिलिमीटर पॅराबेलम, गेओर्ग लुगर यांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला घडवलेलं. रिव्हॉल्व्हरमध्ये .38 स्पेशल. ज्यांना या दोन्हींचा धक्का झेपत नाही त्यांच्यासाठी .380 किंवा .32. नळीवर जे नाव कोरलंय तेच काडतूस घालायचं. 9×19 आणि .380 दोन्हींना बोलताना ‘नऊ एमएम’ म्हणणारी माणसं भेटतात, कारण .380 चं दुसरं नाव 9×17 आहे. ही दोन काडतुसं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. खोक्यावरचं नाव आणि नळीवरचं नाव अक्षर न अक्षर जुळवून पाहा.

आकार ठरवताना आरशासमोर खिशात घालून पाहण्याआधी हातात धरून पाहा, अर्थात रिकामं आहे याची खात्री करूनच. अंगठा आणि तर्जनी यांमधली बेचकी मुठीच्या मागच्या बाजूला वरपर्यंत भिडली पाहिजे आणि हत्यार हाताच्या रेषेत सरळ राहून तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर पोचलं पाहिजे. पोचायला मूठ फिरवावी लागत असेल तर ते हत्यार तुमच्यासाठी मोठं आहे. बोट ट्रिगरच्या पार निघून दुसऱ्या पेरापर्यंत जात असेल तर लहान. स्लाइड स्वतः पाच-सहा वेळा ओढा. विक्रेत्याने ओढून दाखवलं यावरून काही ठरत नाही.

आणि शक्य असेल तर शिकायला सुरुवात मोठ्या पिस्तुलावर करा. .22 चं पूर्ण आकाराचं पिस्तूल उत्तम, धक्का नसल्यात जमा, काडतूसही स्वस्त. मग मध्यम आकाराचं 9 मिलिमीटर. छोटं सगळ्यात शेवटी. थेट छोट्यावर सुरुवात केलेल्यांना दचकण्याची सवय लागते आणि ती मोडायला मूळ शिकण्यापेक्षा जास्त काळ जातो.

चार नियम

अमेरिकन प्रशिक्षक जेफ कूपर यांनी हे नियम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ केले. जगभरच्या रेंजवर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या जागी, थोड्याफार फरकाने हेच शिकवतात.

प्रत्येक हत्यार भरलेलं आहे असंच समजा.
जे नष्ट झालेलं चालणार नाही त्याच्याकडे नळीचं तोंड कधीही वळवू नका.
नेम लक्ष्यावर येईपर्यंत बोट ट्रिगरवर ठेवू नका.
लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री करा.

हे नियम एकावर एक रचलेले आहेत, म्हणून एक मोडला तरी बाकीचे सांभाळून घेतात. नळी सुरक्षित दिशेला असेल तर चुकून सुटलेली गोळी भिंतीत जाते, माणसात नाही. छोट्या हत्यारात दुसरा नियम मोडणं फार सोपं असतं, कारण नळी बोटाएवढी. मनगट जरा वळलं की तिचं तोंड स्वतःच्याच डाव्या हातावरून किंवा शेजारच्या माणसावरून फिरून जातं. चौथ्या नियमाचं गांभीर्य घरात जास्त. 9 मिलिमीटरची गोळी घरातली हलकी आडभिंत सहज भेदते, मोकळ्यावर तर ती दीड किलोमीटरच्या पलीकडेही जाऊ शकते.

बोट ट्रिगरवर नाही तर मग कुठे? सांगाड्यावर, ट्रिगरच्या वर, सरळ लांब. नुसतं ट्रिगरच्या कड्याबाहेर लटकवून ठेवलेलं बोट दचकल्यावर आपोआप आत जातं. आणि हत्यार हातातून निसटलं तर पडू द्या. हवेत झेलायला गेलेला हात बहुतेक वेळा ट्रिगरच पकडतो.

रिकामं करणं: हे आधी शिका, झाडणं नंतर

पिस्तूल रिकामं करण्याचा क्रम ठरलेला आहे आणि तो बदलायचा नाही.

1. नळी सुरक्षित दिशेला, बोट सांगाड्यावर.
2. मॅगझिन काढा. काढून खिशात टाका किंवा टेबलावर दूर ठेवा, हातात धरून बसू नका.
3. स्लाइड पूर्ण मागे ओढा. चेंबरमध्ये काडतूस असेल तर ते बाहेर उडेल. उडू द्या, हाताने झेलू नका. स्लाइड आणखी दोनदा ओढा.
4. स्लाइड मागेच अडकवून चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहा. मग करंगळीचं टोक घालून चाचपा. मॅगझिनची पोकळीही तपासा.
5. दुसरं कोणी शेजारी असेल तर त्यालाही दाखवा.

दुसरी आणि तिसरी पायरी उलटी केली तर काय होतं ते बघा. मॅगझिन आतच असताना स्लाइड ओढली: चेंबरमधलं काडतूस बाहेर पडलं, ते डोळ्यांनी दिसलंही. स्लाइड पुढे जाताना मात्र तिने मॅगझिनमधलं वरचं काडतूस उचलून चेंबरमध्ये नेलं. आता मॅगझिन काढलं. टेबलावर एक काडतूस पडलंय, मॅगझिन बाजूला आहे, माणसाची पक्की खात्री की पिस्तूल रिकामं आहे, आणि ते भरलेलं आहे. पिस्तूल साफ करताना गोळी सुटली म्हणून जे अपघात होतात, त्यांतल्या कित्येकांच्या मुळाशी हाच उलटा क्रम असतो. काही पिस्तुलं सुटी करण्याआधी ट्रिगर ओढावाच लागतो, त्यामुळे चूक झाकून राहायला वावच नाही.

स्लाइड ओढतानाही एक पाहण्यासारखी गोष्ट घडते. जोर पुरत नाही म्हणून नवखा माणूस पिस्तूल पोटाजवळ आणतो, आडवं फिरवतो आणि अंगठा व तर्जनीच्या चिमटीत स्लाइड धरून ओढू लागतो. नळी तोवर रेंजवर शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे वळलेली असते. योग्य पद्धत अशी: पिस्तूल छातीसमोर, नळी पुढेच. दुसऱ्या हाताचा तळवा स्लाइडच्या मागच्या भागावर वरून ठेवून चारही बोटांनी आवळायचा, काडतूस बाहेर पडण्याची खिडकी मोकळी ठेवायची. स्लाइड जागच्या जागी घट्ट धरून मूठ धरलेला हात जोरात पुढे ढकलायचा. ढकलण्यात खांदा आणि छातीचा जोर लागतो, ओढण्यात फक्त बोटांचा. भरताना स्लाइड मागे आली की सरळ सोडून द्या, हाताने सावकाश पुढे नेलीत तर काडतूस नीट बसत नाही.

रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर बाजूला काढायचा, नळी वर करायची, काडतुसं बाहेर ढकलणारा दांडा तळव्याने एकदाच ठामपणे दाबायचा, मग प्रत्येक खाना पाहून बोटाने चाचपायचा.

पकड आणि ट्रिगर

हात जितका वर तितका धक्का आवरायला सोपा. बेचकी मुठीच्या मागच्या बाजूला वर भिडवा, पण स्लाइडच्या वाटेत येईल इतकी वर नको. मागे येणारी स्लाइड अंगठ्याच्या मुळाशी दोन समांतर चिरे पाडते. दुसऱ्या हाताचा तळवा मुठीच्या उरलेल्या मोकळ्या जागेवर, बोटं पहिल्या हाताच्या बोटांवर. दोन्ही अंगठे एकाच बाजूला, पुढे रोखलेले. दुसरा अंगठा स्लाइडच्या मागे आडवा टाकणं ही नवख्यांची नेहमीची चूक, आणि ती एकाच गोळीत जखम करते. करंगळीला जागा नसेल तर ती मॅगझिनच्या तळाखाली वळवून घ्या, किंवा तळ थोडा वाढवलेलं मॅगझिन मिळतं ते वापरा.

रिव्हॉल्व्हरची पकड वेगळी. सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून तापलेला वायू बाजूला फेकला जातो, म्हणून पिस्तुलासारखे पुढे रोखलेले अंगठे इथे चालत नाहीत. अंगठे मागे, एकावर एक.

मनगट ढिलं सोडलं तर पिस्तूल स्वतःचं चक्र पूर्ण करत नाही. स्लाइडला मागे जायला स्थिर आधार लागतो. तो आधारच मागे सरकला तर स्लाइड पुरती मागे जात नाही आणि पुंगळी, म्हणजे झाडलेल्या काडतुसाचं रिकामं कवच, अडकते. वजन कमी असलेल्या पिस्तुलांत हे जास्त होतं.

ट्रिगर सरळ मागे, एकसारख्या दाबाने. बाकीची बोटं तेवढीच घट्ट जेवढी आधी होती. तर्जनीबरोबर सगळी मूठ आवळली जाते आणि नळी खाली झुकते. नेम बरोबर असून गोळ्या लक्ष्याच्या खाली, उजव्या हाताने झाडणाऱ्यांच्या बाबतीत खाली-डावीकडे जात असतील, तर दोष बहुतेक वेळा याचाच.

दचकणं उघडं पाडायची एक पद्धत मला सगळ्यात उपयोगी वाटते. सहकाऱ्याने तुमच्या नकळत मॅगझिनमध्ये जिवंत काडतुसांत एक-दोन डमी काडतुसं मिसळायची. तुम्ही एकेक गोळी झाडत जाता. मध्येच ट्रिगर ओढल्यावर नुसता खट्ट आवाज येतो. त्या क्षणी धक्का नसतो, आवाज नसतो, आणि तरीही नळीचं तोंड दोन-तीन सेंटिमीटर खाली गचका खातं. येऊ घातलेल्या धक्क्याला हात आधीच ढकलून देत होता, हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. तीच पद्धत औषधही आहे. करत राहिलं की गचका लहान होत जातो.

रेंजवर पहिल्यांदा

कानांवर संरक्षण आणि डोळ्यांवर चष्मा, कोणत्याही सबबीशिवाय. पिस्तुलाचा आवाज झाडणाऱ्याच्या कानापाशी साधारण 155 ते 165 डेसिबल असतो, आणि क्षणिक आवाजासाठी 140 च्या वर कायमची इजा होऊ शकते. बंदिस्त रेंजवर कानात बोळे आणि वर कानटोपही घाला. बंद गळ्याचा सदरा घाला. तापलेली पुंगळी गळ्यातून आत गेली की माणूस हातातल्या पिस्तुलासकट वळतो, आणि नळीसमोर बाकीचे लोक येतात. असं झालंच तर भाजू द्या, आधी पिस्तूल पुढे रोखलेलं राहू द्या, खाली ठेवा, मग सदरा झटका.

मॅगझिनमध्ये सुरुवातीला एकच काडतूस भरा. एक झाडा, थांबा, पाहा. मग दोन. लक्ष्य तीन-चार मीटरवर ठेवा. छोट्या हत्याराने लांबचं लक्ष्य घेऊन सुरुवात केली तर कागदावर काय चुकतंय तेच वाचता येत नाही. एका बैठकीत पन्नासेक गोळ्या पुष्कळ झाल्या. हात थकला की त्यानंतरची प्रत्येक गोळी वाईट सवय पक्की करते.

ट्रिगर ओढला आणि काहीच झालं नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून 30 सेकंद थांबा. काडतूस उशिराने फुटू शकतं. मग रिकामं करा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, धक्का जवळजवळ नाही, असं वाटलं तर ताबडतोब थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि तिच्या मागे दुसरी झाडली तर नळी फाटते. अशा वेळी हत्यार रिकामं करून प्रशिक्षकाच्या हवाली करायचं. मॅगझिन नीट न बसणं, पुंगळी उभी अडकणं हे बाकीचे अडथळे किरकोळ. मॅगझिनच्या तळाला थाप, स्लाइड पूर्ण मागे ओढून सोडणं, आणि पुन्हा नेम. एवढ्याने न सुटलं तर मॅगझिन काढून सगळं नव्याने.

घरी परतण्याआधी हात साबणाने, थंड पाण्याने धुवा. काडतुसांतलं शिसं हाताला आणि कपड्यांना लागतं, म्हणून रेंजवर खाणंपिणं नको आणि ते कपडे लहान मुलांच्या कपड्यांत मिसळायला नकोत.

गोळीविना सराव

रिकाम्या हत्याराने ट्रिगर ओढण्याचा सराव खूप काही शिकवतो, पण त्याचीही शिस्त आहे. हत्यार रिकामं करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा, परत येऊन पुन्हा तपासा. लक्ष्यामागे गोळी अडवेल अशी भक्कम भिंत असू द्या. दहा मिनिटं पुरतात. संपलं की तोंडाने मोठ्याने म्हणा, ‘सराव संपला.’ हत्यार पुन्हा भरून झाल्यावर ‘अजून एकदा बघू’ म्हणून ओढलेल्या ट्रिगरने घराच्या भिंतींना भोकं पडलेली आहेत. .22 च्या रिमफायर हत्यारांत डमी काडतुसाशिवाय असा सराव टाळा, पिन चेंबरच्या कडेवर आदळून खराब होऊ शकते.

होल्स्टर

होल्स्टर, म्हणजे हत्यार ठेवायचं म्यान, हा हत्याराचाच भाग समजा. ट्रिगरचं कडं पूर्ण झाकलेलं, साहित्य इतकं ताठ की बाहेरून दाबलं तरी ट्रिगरपर्यंत दाब पोचू नये, आणि हत्यार काढल्यावर तोंड उघडंच राहावं. मऊ पडलेल्या चामड्याची घडी आत वळून ट्रिगरमध्ये अडकते. खिशात बाळगायचं तर त्या खिशात दुसरं काहीही नको, किल्ल्या नाहीत, नाणी नाहीत, आणि खिशातही होल्स्टर हवंच. पर्समध्ये किंवा पिशवीत ठेवणं मला पसंत नाही. पिशवी कुठेतरी टेकवली जाते, मुलं तिच्यात हात घालतात.

काढताना घाई समजू शकते, परत ठेवताना घाईचं काहीच कारण नाही. खाली पाहा, सदऱ्याचा काठ बाजूला करा, बोट सांगाड्यावर, सावकाश आत. स्वतःच्याच मांडीत गोळी लागण्याचे अपघात बऱ्याचदा परत ठेवतानाच होतात.

घरात ठेवणं

हत्यार अंगावर नसेल तर ते कुलपात. उंच कपाट, उशीखाली, मोज्यांच्या खणात मागे, ही जागा लपवण्याची झाली, सुरक्षित ठेवण्याची नाही. मुलांना घरातली प्रत्येक लपवलेली वस्तू माहीत असते. हत्यार रिकामं, काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ल्या एकाच माणसाकडे. लगेच हाताशी हवंच असेल तर बोटाच्या ठशाने किंवा आकड्यांनी उघडणारी छोटी पोलादी पेटी भिंतीला किंवा पलंगाच्या सांगाड्याला पक्की बसवून घ्या. छोटं पिस्तूल चोराच्याही खिशात सहज मावतं.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे, कारण शस्त्रांवरच्या लिखाणात ती सहसा वगळली जाते. घरात बंदूक असली की त्या घरातल्या माणसाच्या आत्महत्येचा धोका वाढतो, हे अनेक अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलेलं आहे. मरणाचा विचार बऱ्याचदा थोड्या वेळाचा असतो आणि बंदूक मधे थांबायला वेळ देत नाही. घरात कोणी खोल निराशेत असेल, नोकरी गेली असेल, नातं तुटलं असेल, व्यसन बळावलं असेल, तर कायद्यात बसेल त्या मार्गाने हत्यार काही काळ घराबाहेर ठेवा. ती व्यक्ती तुम्ही स्वतः असाल तर किल्ली दुसऱ्याकडे द्या आणि जवळच्या माणसाशी किंवा डॉक्टरांशी बोला.

देखभाल

अंगावर बाळगलेलं छोटं पिस्तूल न झाडताही खराब होतं. घाम, कपड्यांचे धागे, खिशातली धूळ. महिन्यातून एकदा रिकामं करून सुटं करा, नळीतून सॉल्व्हंटचा ब्रश चेंबरकडून तोंडाकडे फिरवा, कोरडा कपडा घाला, स्लाइडच्या खाचांवर तेलाचा एकेक थेंब. तेल जास्त झालं तर धूळ धरून ठेवतं. साफ करताना काडतुसं त्या टेबलावर नकोत. हलक्या रिव्हॉल्व्हरचे स्क्रू धक्क्याने सैल होतात, तेही पाहा.

कडक स्प्रिंगांना आयुष्य असतं. छोट्या पिस्तुलाची मुख्य स्प्रिंग मोठ्याच्या मानाने लवकर दमते, ती किती गोळ्यांनंतर बदलायची हा आकडा माहितीपुस्तिकेत असेल तर त्याप्रमाणे बदला. आणि एकच काडतूस रोज चेंबरमध्ये भरून काढून पुन्हा भरू नका. प्रत्येक वेळी गोळी पुंगळीत किंचित आत ढकलली जाते, आतली जागा कमी होते आणि झाडताना दाब धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतो. खोक्यातल्या नव्या काडतुसाशेजारी ते उभं करून उंची ताडून पाहा. आखूड दिसलं की वापरातून काढा.